24 टक्के पाऊस आणि ग्लायडरचा काटा

पावसानं ओढ दिली की बारामती-इंदापूर पट्ट्यात एक मागणी हमखास निघते: विमान आणा आणि ढगांत मीठ मारा. चर्चेत कोणी वाचणारा माणूस असला तर एक आकडाही येतो. ‘आपल्याच भागात शास्त्रज्ञांनी अकरा वर्षं प्रयोग करून दाखवलंय, मिठानं पाऊस 24 टक्क्यांनी वाढतो.’

हा आकडा हवेतून आलेला नाही. पुण्याच्या पाषाणमधल्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनं, म्हणजे आपल्या आयआयटीएमनं, खरोखर हा प्रयोग केला. ए. एस. आर. मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा त्यावरचा निबंध 2000 साली ‘जर्नल ऑफ वेदर मॉडिफिकेशन’मध्ये आला. कृत्रिम पावसाबद्दल महाराष्ट्रात जे काही बोललं जातं, त्यातला सगळ्यात भक्कम पुरावा आजही बहुधा हाच दिला जातो. म्हणून तो नीट वाचायला हवा. आज तेच करू. पण मी तो जरा वेगळ्या खिडकीतून वाचणार आहे: ग्लायडरमधल्या एका काट्यावरून. हवा वर चाललीय की खाली, हे उडणाऱ्या माणसाला कळतं कसं, हा प्रश्न सुटला की या निबंधाची ताकद कुठे आहे आणि तो कुठे लंगडतो, हे दोन्ही दिसतं.

निबंध काय म्हणतो

आधी त्याचं म्हणणं सरळ मांडू. पुणे परिसरातला, सह्याद्रीच्या पूर्वेकडचा 4800 चौरस किलोमीटरचा भाग घेतला. वैज्ञानिक लेखनात हा प्रयोग बारामती भागातला म्हणून ओळखला जातो. 1973-74, 1976 आणि 1979 ते 1986 असे मिळून अकरा पावसाळे, जून ते सप्टेंबर, काम चाललं. क्षेत्राचे तीन तुकडे: उत्तरेचा, दक्षिणेचा आणि मध्ये मोकळा सोडलेला पट्टा. उत्तर की दक्षिण, मीठ कुठे टाकायचं हे चिठ्ठी टाकून ठरायचं. ज्या बाजूला मीठ पडलं नाही ती त्या दिवशी तुलनेसाठी. उपकरणं बसवलेलं विमान ढगाच्या तळापासून 200 ते 300 मीटर वर, ढगात शिरायचं आणि बारीक दळलेलं मीठ सोडायचं. मिठाचे कण साधारण 10 मायक्रॉनचे. हेतू असा की या कणांवर मोठे थेंब तयार व्हावेत, ते लहान थेंबांना गिळत खाली यावेत आणि पाऊस लवकर सुरू व्हावा.

निष्कर्ष दोन आहेत, आणि दुसरा कोणी सांगत नाही. पहिला: ज्या ढगांची जाडी 1 किलोमीटर किंवा जास्त आणि ज्यांत दर घनमीटर हवेत निदान अर्धा ग्रॅम द्रव पाणी होतं, त्यांत मीठ टाकल्यावर पाऊस 24 टक्क्यांनी वाढला. या वाढीची सांख्यिकीय पातळी 4 टक्के. म्हणजे मिठाचा काहीही परिणाम नसता, तर नुसत्या योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता शंभरात चार. दुसरा: यापेक्षा उथळ आणि कोरड्या ढगांत मीठ टाकलं तर ते ढग विरून जाण्याकडे कल दिसला.

दुसरं वाक्य पुन्हा वाचा. मीठ टाकल्यानं ढग विरू शकतो, असं त्याच निबंधात लिहिलंय. गावच्या पारावर किंवा विधिमंडळात 24 चा आकडा पोचतो, हे वाक्य पोचत नाही.

त्यापुढे निबंधाच्या सारांशात आणखी एक कबुली आहे. ढगाच्या तळाशी हवा चहूकडून एकत्र येऊन वर चढत असेल, तरच ढग वाढतो आणि पाऊस तयार होतो, असं लेखक म्हणतात. म्हणजे सगळा खेळ वर चढणाऱ्या हवेचा. पण हे म्हणताना ते आधार देतात गणिती प्रारूपाचा, आणि ढगांची प्रतवारी करतात जाडी आणि पाणी या दोन गोष्टींवर. हवा किती वेगानं वर चाललीय, हा निकष त्या प्रतवारीत नाही. माझा मुख्य आक्षेप इथे आहे. पण तो समजण्याआधी, हा वेग मोजणं किती अवघड आहे ते पाहू.

एका थेंबाएवढी हवा

ग्लायडरला इंजिन नसतं. स्थिर हवेत तो सतत खाली येत असतो. सावकाश उडताना सेकंदाला साधारण पाऊण मीटर, वेगात असताना दोन मीटर किंवा जास्त. वर राहायचं तर यापेक्षा जास्त वेगानं वर चढणारी हवा शोधायला लागते. घार हेच करते. भादलवाडीच्या तलावावरचे चित्रबलाक दुपारी पंख न हलवता घिरट्या घेत वर जाताना दिसतात, तेही हेच करतात. पक्ष्याला हे अंगानं कळतं. माणसाला कळत नाही. आपल्या कानातल्या यंत्रणेला वेग बदलला तर जाणवतो, पण एकसारख्या वेगानं वर जाणं आणि स्थिर असणं यांतला फरक तिला ओळखता येत नाही. म्हणून ग्लायडरमध्ये व्हेरिओमीटर असतो. 1920च्या दशकाच्या शेवटी जर्मनीत अलेक्झांडर लिपिश यांच्या सूचनेवरून रॉबर्ट क्रोनफेल्ड यांनी तो ग्लायडरमध्ये वापरला, आणि डोंगरउतार सोडून मोकळ्या मैदानावरही तरंगत राहणं हळूहळू शक्य झालं.

जुन्या पद्धतीच्या व्हेरिओमीटरमध्ये असतं काय? एक थर्मासची बाटली, बहुतेकदा 450 मिलिलिटरची, आणि तिच्यातून बाहेरच्या हवेकडे जाणारी एक नळी. नळीच्या वाटेवर एक हलकं पातं आणि त्याला काटा. ग्लायडर वर गेला की बाहेरचा दाब कमी होतो, बाटलीतली हवा बाहेर येते, पातं एकीकडे ढकललं जातं. खाली आला की हवा आत शिरते, पातं उलट फिरतं.

आता हिशेब करून बघा. बारामती समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर. उन्हाळ्याच्या दुपारी तिथे हवेचा दाब सुमारे 95,000 पास्कल धरू. एक मीटर वर गेलं की दाब साडेदहा पास्कलनं कमी होतो, म्हणजे नऊ हजारातला एक भाग. ग्लायडर सेकंदाला 1 मीटर चढत असेल तर 450 मिलिलिटरच्या बाटलीतून दर सेकंदाला बाहेर पडणारी हवा किती? 0.05 मिलिलिटर. पाण्याच्या एका थेंबाएवढी. एवढ्या हवेवर काटा हलवायचाय.

बाटली थर्मासचीच का, याचं उत्तरही यातच आहे. आतली हवा 1 अंशानं तापली तर ती सुमारे दीड मिलिलिटर फुगते. ते 30 मीटर चढल्यासारखंच दिसेल. कॉकपिटमध्ये ऊन आलं म्हणून ग्लायडर वर चाललाय असं वाटायला नको.

दांडी ओढून मिळवलेली उंची

इथवरचं स्पष्टीकरण तुम्हाला कुठल्याही पुस्तकात मिळेल, आणि बहुतेक ठिकाणी ते इथेच थांबतं: व्हेरिओमीटर वर जाणारी हवा ओळखतो. हे वाक्य चूक आहे. काटा ओळखतो तो ग्लायडरचं वर जाणं. हवेचं नाही. भीमेच्या पात्रात डोळे मिटून वल्हवणाऱ्याला आपण पुढे सरकतोय ते हातामुळे की प्रवाहामुळे हे कळत नाही, तसंच हे.

समजा ग्लायडर ताशी 130 किलोमीटरनं चाललाय. वैमानिकानं दांडी मागे ओढली, नाक वर झालं, वेग 90 वर आला. वेगातली ऊर्जा उंचीत बदलली. गणित केलं तर जवळजवळ 35 मीटरची उंची मिळते. हवा जागच्या जागी आहे, आणि काटा मात्र आनंदानं वर गेलाय. वैमानिकाला वाटतं प्रवाह सापडला. तो तिथेच घिरट्या घालू लागतो आणि खाली येतो.

यावरचा उपाय मला फार आवडतो. उंची मोजू नका, एकूण ऊर्जा मोजा. उंचीची ऊर्जा अधिक वेगाची ऊर्जा. दांडी ओढली तर एकीची दुसरी होते, बेरीज तीच राहते. बेरीज वाढली तरच समजायचं की बाहेरून कोणीतरी, म्हणजे हवेनं, ऊर्जा दिली. आणि ही बेरीज करायला संगणक लागत नाही. शेपटीजवळ एक बारीक नळी लावतात. तिचं छिद्र अशा जागी असतं की तिथला दाब बाहेरच्या स्थिर दाबापेक्षा कमी असतो, आणि नेमका तेवढ्यानंच कमी, जेवढा वेगामुळे समोरून येणारा दाब असतो. वेग कमी झाला की हे शोषण कमी होतं, नळीतला दाब वाढतो. त्याच वेळी उंची वाढल्यानं दाब उतरतो. दोन्ही एकमेकांना खातात आणि काटा जागेवर राहतो. सगळी बेरीज-वजाबाकी एका वाकवलेल्या नळीत.

तरीही जे उरलं ते हवेचं नाही. त्यात ग्लायडरचं स्वतःचं उतरणं मिसळलेलं आहे. काटा शून्यावर असेल तर हवा स्थिर नाही. ती पाऊण मीटरनं वर चाललीय आणि ग्लायडर तेवढाच खाली येतोय. म्हणून पुढची पायरी: या वेगाला हा ग्लायडर स्थिर हवेत किती उतरतो ते आधी मोजून ठेवायचं आणि काट्यातून वजा करायचं. अशा दुरुस्त काट्याला ग्लायडरवाले ‘नेट्टो’ म्हणतात. आता कुठे आकडा हवेबद्दल बोलतो. तोही एका अटीवर: पंख स्वच्छ हवेत आणि वजन ठरलेलं. पंखाच्या कडेला किडे चिकटले किंवा पावसाचे थेंब बसले की उतरण्याचा वेग बदलतो आणि वजाबाकी चुकते.

शिवाय एक फसवणूक अशी, की ती या नळीनंही टळत नाही. समोरून अचानक आडवा झोत आला, हवेच्या तुलनेतला वेग सेकंदाला 30 वरून 32 मीटर झाला. काट्याच्या हिशेबात 6 मीटर उंचीएवढी ऊर्जा वाढली. प्रत्यक्षात हवा वर गेलीच नाही. कालव्याखालचा भिजलेला ऊस आणि शेजारचं तापलेलं मुरमाड रान यांच्या सीमेवर दुपारी असे झोत असणारच. म्हणजे चढता प्रवाह सापडण्याची शक्यता जिथे जास्त, तिथेच काट्यावर विश्वास कमी.

इंजिन आलं की हिशेब बिघडतो

ग्लायडरचं एक भाग्य आहे: ऊर्जा आणणारा बाहेरचा माणूस एकच, हवा. विमानाला इंजिन असतं. थ्रॉटल पुढे केला की ऊर्जेची बेरीज वाढते, मग ती वाढ हवेची की इंजिनाची? बारामतीच्या धावपट्टीवरून शिकाऊ वैमानिक जी छोटी विमानं उडवतात, त्यांतही उभा वेग दाखवणारा काटा असतो. पण तो फक्त विमानाचं चढणं-उतरणं दाखवतो. वैमानिकाला तेवढंच हवं असतं. ढगातली हवा मोजणाऱ्याला ते पुरत नाही.

संशोधन विमानात म्हणून वेगळी वाट घेतात. विमान जमिनीच्या तुलनेत किती वेगानं वर-खाली होतंय ते मोजायचं. हवा विमानावर कुठल्या कोनातून येतेय ते मोजायचं. विमानाचं नाक क्षितिजाशी किती कलतंय ते मोजायचं. आणि तिन्हींवरून हवेचा उभा वेग काढायचा. ऐकायला सोपं. पण सेकंदाला 70 मीटर वेगानं जाणाऱ्या विमानात कोनाची चूक नुसती 1 अंशाची झाली, तर उभ्या वेगात 1.2 मीटरची चूक येते. उथळ मोसमी ढगांत हवा वर चढते तीच मुळी सेकंदाला एक-दोन मीटरच्या हिशेबानं. म्हणजे चूक आणि मोजायची गोष्ट एकाच मापाच्या. आज उपग्रहावरून मिळणारं स्थान, जडत्वाची उपकरणं आणि नाकावरचा पाच छिद्रांचा गोळा यांमुळे हे काम खूप सुधारलंय. 1973 साली यातलं उपग्रहाचं साधन नव्हतंच. त्यामुळे या वेगाला प्रतवारीत जागा नाही यात मला आश्चर्य वाटत नाही, आणि त्या काळाच्या माणसांना दोष देण्याचाही प्रश्न नाही. प्रश्न आहे तो आज आपण तो निबंध कसा वापरतो याचा.

पुन्हा बारामतीच्या ढगात

आता निबंधाच्या बाजूनं एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. तुम्ही विचाराल, चिठ्ठी टाकली होती ना? मग हवेचा वेग मोजायची गरज काय? बरोबर. चिठ्ठीचा फायदा हाच असतो. एखाद्या दिवशी उत्तरेला हवा जोरात चढत असेल, दुसऱ्या दिवशी दक्षिणेला. अकरा पावसाळ्यांत हे फरक दोन्ही बाजूंना सारखे वाटले जातात. ज्या गोष्टी तुम्ही मोजू शकत नाही, त्यांनाही चिठ्ठी सांभाळून घेते. दिवसेंदिवस तुलनेची बाजू बदलत ठेवायची, मध्ये मोकळा पट्टा ठेवायचा, हे सगळं अकरा पावसाळे निभावायचं, ही साधी गोष्ट नाही. ‘मीठ टाकलं, पाऊस पडला, झालं सिद्ध’ अशा दाव्यांच्या तुलनेत हा प्रयोग कितीतरी वरचा आहे.

पण चिठ्ठीनं संरक्षण मिळतं ते सगळ्या दिवसांच्या एकूण तुलनेला. ढगांची जाड आणि उथळ अशी विभागणी केली की ते संरक्षण आपोआप लागू राहत नाही. विभागणी मीठ टाकायच्या आधीच्या मोजणीवर झाली असेल तर ठीक. नंतरच्या मोजणीवर झाली असेल तर घोळ होतो. मिठानं ढग वाढला तर तो ‘जाड’ गटात जाईल, विरला तर ‘उथळ’ गटात. मग जाड गटात पाऊस जास्त आणि उथळ गट विरणारा, हे उत्तर विभागणीतच दडलेलं असेल. असं झालंच, असं मी म्हणत नाही. पण हे झालं नाही याची खात्री वाचकाला देणं हे निबंधाचं काम आहे, आणि सारांशातल्या एका वाक्यात 24 टक्के आणि ढगाची जाडी एकत्र बांधली गेल्यामुळे ही शंका येते. पाऊस मोजला जातो जमिनीवर, क्षेत्रानुसार. ढग निवडला जातो आकाशात, एकेक करून. हे दोन हिशेब एका वाक्यात आणताना मधला दुवा दाखवायला लागतो.

दुसरा मुद्दा थेट व्हेरिओमीटरचा आहे. आपल्याकडच्या उबदार पावसाळी ढगात हवा तळापासून वर चढली आणि बाहेरची कोरडी हवा तिच्यात मिसळली नाही, तर दर किलोमीटरला घनमीटरमागे साधारण 2 ग्रॅम पाणी तयार होतं. म्हणजे तळापासून 250 मीटरवर जास्तीत जास्त अर्धा ग्रॅम, फार तर थोडं वर. विमान उडत होतं 200 ते 300 मीटरवर. ‘चांगल्या’ ढगाचा निकष होता अर्धा ग्रॅम. हे पाणी त्याच उंचीवर मोजलेलं असेल, तर निकष पार करणारा ढग म्हणजे जवळजवळ न मिसळलेला, आतून भक्कम चढता प्रवाह असलेला ढग. पाण्याचं प्रमाण हे इथे हवेच्या वेगाचंच आडून केलेलं मोजमाप झालं. काटा नव्हता, पण निकष काट्यासारखा वागत होता, आणि तोही दुरुस्ती न केलेल्या काट्यासारखा. ढग किती चढलाय हे तो सांगतो, या क्षणी हवा अजून चढतेय की थांबलीय हे सांगत नाही. नुकताच फुललेला ढग आणि आता बसायला लागलेला ढग, दोघांची जाडी एक किलोमीटर असू शकते. पहिल्यात टाकलेलं मीठ वर जाईल आणि थेंबांना वाढायला वेळ मिळेल. दुसऱ्यातलं खाली येईल.

म्हणून माझं वाचन असं: मीठ कुठल्याही ढगातून पाऊस काढतं, असं हा प्रयोग दाखवत नाही. हवा ज्या ढगाला आधीच वर नेतेय, त्याला मिठानं मदत होऊ शकते, असं तो दाखवतो. मदत आहे, बदली नाही.

टंचाईच्या वर्षी काय होतं

आता यात पणाला काय लागलंय ते बघा. प्रयोगात चांगला पावसाळा, वाईट पावसाळा, दोन्ही आले. पण राज्य सरकारनं कृत्रिम पावसाची मोहीम काढली ती 2003, 2015, 2019 अशा ओढाताणीच्या वर्षांत. मागणी तेव्हाच येते, हे स्वाभाविक आहे.

बारामती-इंदापूर पर्जन्यछायेत का? अरबी समुद्रावरून आलेली हवा सह्याद्री चढताना पाणी टाकते आणि पूर्वेकडे उतरताना कोरडी, उबदार होत जाते. या सगळ्या पट्ट्यावर मोठ्या मापाचा एखादा व्हेरिओमीटर धरला, तर पावसाळ्याच्या ऐन वाऱ्यात काटा खाली झुकलेला दिसेल. वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही बराचसा वारा मंदावल्यावर, जून आणि सप्टेंबरमध्ये, जेव्हा हवा जागच्या जागी तापून वर चढते. पावसानं ओढ दिली म्हणजे काय, तर ही उतरती हवा हटत नाही. ढग येतात, पण बसके, उथळ. आपण खाली उभे राहून म्हणतो, आभाळ भरून येतं पण पडत नाही.

हे नेमके तेच ढग, ज्यांच्याबद्दल निबंधाचा दुसरा निष्कर्ष आहे: मीठ टाकलं तर विरण्याकडे कल. म्हणजे ज्या निबंधाच्या आधारावर विमान मागवलं जातं, तोच निबंध त्या दिवशीच्या ढगांबद्दल उलट सल्ला देतोय. 24 टक्के हा आकडा चढत्या हवेच्या दिवसांचा आहे. तो उतरत्या हवेच्या दिवशी वापरणं म्हणजे दांडी ओढून मिळालेल्या उंचीला प्रवाह समजणं.

आणखी एक साधा हिशेब. 24 टक्के म्हणजे वर्षाच्या 500 वर 120 मिलिमीटर नव्हे. वाढ होते ती योग्य ढगांच्या दिवशी, योग्य जागी पडलेल्या पावसात. समजा वर्षाच्या पावसातला पाव भाग अशा दिवसांचा असेल, तर वाढ 30 मिलिमीटरची. हे समजाच आहे, पण 120 आणि 30 यांत बाजरीच्या एका पाण्याचा तरी फरक आहे.

सोलापूरचा पुढचा टप्पा

आयआयटीएमनंच पुढे 2018 आणि 2019 मध्ये सोलापूरहून कायपीक्स या प्रकल्पाचा चौथा टप्पा केला. त्याचा निकाल 2023 मध्ये अमेरिकन हवामान सोसायटीच्या ‘बुलेटिन’मध्ये आला. इथे चिठ्ठी क्षेत्रासाठी न टाकता एकेका ढगासाठी टाकली. 276 ढग. पाणी शोषणाऱ्या कणांच्या नळकांड्या ढगाच्या तळाखाली, चढत्या हवेत जाळायच्या, म्हणजे कण वर नेण्याचं काम हवाच करते. तिथे प्रश्नच हा असतो: इथे हवा चढतेय का? माझ्या दृष्टीनं बारामतीच्या प्रयोगावरचं सगळ्यात चांगलं टीकात्मक लेखन हा प्रयोगच आहे. शब्दांत न करता, आराखडा बदलून केलेलं.

निकालही जास्त नेमका आहे. काही ठिकाणी 46 टक्क्यांपर्यंत वाढ, पण वाऱ्याच्या दिशेनं पुढच्या 100 चौरस किलोमीटर भागात सरासरी वाढ 18 टक्के. बारामती काय, इंदापूर काय, दोन्ही तालुके हजार चौरस किलोमीटरच्या वर. 18 टक्के एका तालुक्याचे नाहीत, त्याच्या एका कोपऱ्याचे आहेत, आणि तेही मनासारखा ढग मिळाला तर. बातम्यांत मात्र हा 100 चा आकडा बहुतेक वेळा गळून पडतो, जसा पूर्वी विरणाऱ्या ढगांचा निष्कर्ष गळून पडला.

मग 24 चं काय करायचं

तो फेकून द्यायचा नाही. अकरा पावसाळ्यांच्या मेहनतीचा आकडा आहे, आणि चिठ्ठी टाकून आलेला आहे. फक्त त्याच्यासोबत त्याच्या अटी चालल्या पाहिजेत. ग्लायडर उडवणाऱ्यांनी गेल्या नव्वदेक वर्षांत काट्यातून एकेक गोष्ट वजा करत नेली: आधी तापमान, मग दांडी, मग स्वतःचं उतरणं. काय उरलं त्यालाच त्यांनी हवा म्हटलं. पावसाच्या आकड्यालाही तीच वागणूक हवी. आपोआप पडणारा पाऊस वजा करा, मनाजोगते ढग निवडल्याचा फायदा वजा करा, उरलं ते मिठाचं.

पुढच्या खेपेला विमान येणार अशी बातमी वाचाल तेव्हा किती टन मीठ आणि किती कोटींचं कंत्राट हे तर वाचाच. पण त्या दिवशी ढगाच्या तळाशी हवा सेकंदाला किती मीटरनं वर चालली होती, हे कोणी मोजलं का, आणि मीठ न टाकता सोडलेले तसेच ढग किती होते, हेही शोधा. ही दोन उत्तरं बातमीत नसतील तर पाऊस पडला तरी तो कोणामुळे पडला हे कोणालाच सांगता येणार नाही. आणि पुढच्या टंचाईत आपण पुन्हा त्याच 24 पाशी येऊन उभे राहू.